वय दिसत नाही हो तुमचं

वहिनींनी पडद्याच्या कापडाचा तागा खांद्यावरून काउंटरवर टाकला आणि एका झटक्यात उलगडला, तेव्हा समोरच्या गिऱ्हाईकबाईंनी कापडापेक्षा वहिनींकडेच जास्त बघितलं.

"नातू आहे तुम्हाला? खरं सांगता की काय? वय दिसत नाही हो तुमचं."

वहिनी हसल्या आणि त्यांचा दिवस सार्थकी लागला. बाईंनी पडदे घेतले, चादरी घेतल्या, सोफ्याचं कापडही घेतलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या मालकांनी मान डोलावली. मालकांचं पोट टेबलाला लागत होतं, डोक्यावर केस औषधालाही उरलेले नव्हते आणि दुपारच्या जेवणानंतर ते उघड उघड घोरत. पण मालकांचं वय कोण बघतो? वय बघायचं ते काउंटरवरच्या बायकांचं.

त्या दुकानात एक रीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, तरी प्रत्येकीला पाठ होती. वर काचा, दिवे, आरसे आणि काउंटर. खाली तळघर, तिथे कापडाचे तागे रचलेले. बाईच्या चेहऱ्यावर वय दिसायला लागलं, की मालक एके दिवशी फार मायेने म्हणत, "दमलात हो. उद्यापासून खाली बसा. आराम पडेल." या आरामात पगार निम्मा व्हायचा. शिवाय ओल, धूळ आणि दिवसभर तागे गुंडाळणं. मावशींना असंच खाली पाठवलं होतं. एके काळी ज्यांच्या बोलण्यावर गिऱ्हाईक खूश होऊन जायचं, त्या मावशी आता खोकत खोकत वर यायच्या, डबा खायच्या आणि पुन्हा जिना उतरायच्या. जिन्यावर त्या दिसल्या की काउंटरवरच्या बायका पटकन दुसरीकडे बघत.

वहिनींना धास्ती होती ती त्या जिन्याचीच. त्यांचा नवरा फर्निचरला पॉलिश करायचा, पण हात थरथरू लागल्यापासून घरीच होता. मुलगा वेगळा राहायचा आणि त्याचंच त्याला पुरत नव्हतं. घर चालायचं ते वहिनींच्या काउंटरवर. म्हणजे नीट सांगायचं तर वहिनींच्या चेहऱ्यावर.

म्हणून तर त्या गोळ्या.

गोळ्या आणून दिल्या नणंदेने. तिचं टोपणनाव बेबी. पन्नाशी उलटली तरी घरात ती बेबीच होती. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा ती शाळेत जायची आणि वहिनी तिच्या वेण्या घालायच्या. आता ती घरोघरी तारुण्य विकत होती. पांढरी बाटली, तिच्यावर पळणाऱ्या, हसऱ्या म्हाताऱ्या जोडप्याचं चित्र आणि खाली बारीक अक्षरात 'वनस्पतींचा अर्क'.

"अगं वहिनी, हे औषधच नाही मुळी," बेबी म्हणाली होती. "आपल्या अंगात जे कमी होतं ना, ते परत भरायचं. बाकी काही नाही. मी स्वतः घेते. मी काय तुला भलतंसलतं देईन का?"

बेबीच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे मान्य करायला हवं. दोन महिन्यांत वहिनींची कातडी खरंच उजळली. अंगातून वाफा यायच्या त्या थांबल्या, झोप लागू लागली. मग काय विचारता. काउंटरवरच्या सगळ्याच जणी बेबीच्या मागे लागल्या.

त्या दिवशी पडद्याचं गिऱ्हाईक गेल्यावर वहिनी मागच्या खोलीत गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या, त्या गोऱ्यामोऱ्या होऊन. शेजारच्या काउंटरवर बारीक आवाजाची एक मैत्रीण होती. आवाजामुळे सगळे तिला चिमणीच म्हणत.

"काय झालं गं?" चिमणीने विचारलं.

"परत आली," वहिनी कुजबुजल्या. "बंद होऊन चार वर्षं झाली होती गं. आज परत आली."

ज्या गोष्टीने घाबरून जायला हवं होतं, त्या गोष्टीने त्या बायका हुरळून गेल्या. गोळ्या लागू पडल्याची तीच खूण, असं त्यांनी आपसांतच ठरवून टाकलं होतं. म्हातारपण मागे फिरलं, शरीर पुन्हा तरणं झालं. दुपारच्या सुट्टीत मागच्या खोलीत वहिनींना त्यातल्या त्यात बऱ्या खुर्चीवर बसवलं गेलं. चिमणीने कापण्याच्या टेबलावरून लाल साटिनची फीत आणली आणि वहिनींच्या लोखंडी कपाटाच्या कडीला बांधली. ही त्यांची पद्धत. जिची परत येईल, तिच्या कपाटाला फीत.

"आता तू आणखी दहा वर्षं वर," चिमणी म्हणाली. "माझ्या कपाटाला कधी बांधायला मिळणार देव जाणे."

सगळ्या हसल्या. कोपऱ्यात मावशी डबा खात होत्या, त्या मात्र हसल्या नाहीत. "मला काय कळतंय म्हणा," एवढंच म्हणून त्यांनी डबा बंद केला.

पुढच्या महिन्यांत वहिनींनी गडद रंगाचे कपडे घालायला सुरुवात केली. रक्त जायचं, थांबायचं, परत जायचं, त्याला काही ताळतंत्रच नव्हतं. ओटीपोट दुखायचं. बेबीला विचारलं तर ती म्हणाली, "इतकी वर्षं बंद पडलेलं यंत्र आहे, सुरू होताना खडखड करणारच." नवऱ्याला सांगितलं तर तो ओशाळून म्हणाला, "बायकांचं मला काय कळणार? डॉक्टरला दाखव ना." पण डॉक्टरकडे जायचं म्हणजे सुट्टी मागायची, सुट्टी मागायची म्हणजे कारण सांगायचं. आणि आजारी बाईची जागा कुठे असते, ते दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनींनी ओठांना रंग जरा जास्त लावला आणि कळ काढली.

मग एके सकाळी वरच्या फळीवरचा तागा काढताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शिडीवरून त्या तागा घेऊनच खाली आल्या. कापड उलगडत गेलं आणि वहिनी त्याच्यावर पडल्या. हाड मोडलं नाही, पण फिकट रंगाच्या त्या कापडावर रक्ताचा डाग सगळ्यांनी पाहिला. मालकांनी आधी कापडाकडे बघितलं.

दवाखान्यातल्या डॉक्टर चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. तपासण्या झाल्या, रिपोर्ट आले, बाटलीही तपासून झाली.

"रक्त किती दिवस जातंय?"

"सात-आठ महिने झाले असतील."

"आणि तुम्ही आत्ता येताय?"

"मला वाटलं, चांगलं लक्षण आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांना राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे त्यांना कळत नव्हतं. "बाई, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर ते तारुण्य नसतं. लगेच डॉक्टरकडे यायचं असतं. या गोळ्यांत वनस्पतीबिनस्पती काही नाही, जबरदस्त हार्मोन आहे. हार्मोन आम्हीही देतो, ज्या बाईला गरज आहे तिला देतो. पण तपासून, बेताने, आणि गर्भाशय सांभाळणारं दुसरं औषध जोडीला देऊन. तुम्ही एकटं हेच घेत राहिलात."

"मग आता?"

"गर्भाशयाचा कॅन्सर आहे. आणि तो गर्भाशयातच थांबलेला नाही. ऑपरेशन करू, औषधं देऊ. पहिल्या डागाला आला असतात तर मी तुम्हाला वेगळं काही सांगितलं असतं."

वहिनींच्या मनात त्या क्षणी काय आलं असेल? मरणाचा विचार नंतर आला. आधी आली ती लाल फीत, आणि खुर्चीवर बसून आपण कशा हसत होतो ते. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या डॉक्टरांसमोर रडल्यासुद्धा नाहीत.

घरी बेबी येऊन बसलेली होती. वहिनींनी तिला सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. बेबी आधी भांडली. डॉक्टरांना काय, कापायलाच हवं असतं, म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. 

"वहिनी," ती म्हणाली, "माझंही सुरू झालंय. मागच्या महिन्यात."

"मग उद्याच्या उद्या माझ्याबरोबर चल."

"नको."

"बेबी, वेडी आहेस का तू? अजून वेळ गेली नसेल तुझी."

"मला कळूनच घ्यायचं नाहीये," बेबी म्हणाली. "तुला मी दिल्या. आणखी किती जणींना दिल्या. मी तिथे जाऊन बसले, म्हणजे ते सगळं खरं होईल."

वहिनींनी तिचा हात धरला, ओढला, रागावल्या, शेवटी पाया पडते म्हणाल्या. बेबी उठून गेली. तिने त्या दिवसापासून गोळ्या विकणं बंद केलं, पण दवाखान्याची पायरी ती चढली नाही.

ऑपरेशन आणि कॅन्सरच्या औषधांनंतर वहिनी दुकानात परतल्या तेव्हा केस गेलेले, गाल बसलेले. मालक मायेने म्हणाले, "दमलात हो." पुढचं वाक्य त्यांना पुरं करावं लागलं नाही, वहिनी आपणहूनच जिन्याकडे वळल्या. पण उतरण्याआधी त्या मागच्या खोलीत गेल्या. सुट्टी झाली होती, सगळ्या जणी डबे उघडून बसल्या होत्या. वहिनींनी ती पांढरी बाटली टेबलावर ठेवली. अजून अर्धी भरलेली होती.

"हिच्यामुळे माझं हे झालं," त्या म्हणाल्या. "नीट ऐका. परत रक्त येणं चांगलं नसतं. जिला जिला आलंय, तिने आजच डॉक्टरकडे जायचं. मालक काढतील तर काढू देत. आपण सगळ्या जणी मिळून सांगू त्यांना, की आम्ही अशाच दिसणार. आमची वयं झाली आहेत, आणि आम्ही वयं झालेल्या बायकांसारख्याच दिसणार. सगळ्या एकदम म्हणालो तर सगळ्यांना थोडंच खाली पाठवतील?"

 मावशींनी डबा बाजूला सारून मान डोलावली, पण मावशी आधीच खाली होत्या. त्यांच्या मान डोलावण्याला काय किंमत? एक जण म्हणाली, "तुझं बिचारीचं नशीबच खोटं." दुसरी म्हणाली, "सगळ्यांना काही होत नाही तसं." तिसरीने भाजीत मीठ कमी पडल्याचा विषय काढला. एवढ्यात बाहेर घंटा वाजली, काउंटर उघडायची वेळ झाली होती. डबे भराभर मिटले आणि खोली रिकामी झाली.

चिमणी तेवढी मागे राहिली. ती रडत होती. तिने वहिनींना मिठी मारली, डोळे पुसले, आरशात बघून डोळ्यांखालचं काजळ नीट केलं. मग तिची नजर टेबलावर गेली.

"वहिनी, तुला आता या लागणार नाहीत ना?"

वहिनींना आधी कळलंच नाही ती काय विचारते आहे ते.

"बेबी देत नाही आता," चिमणी म्हणाली. "मालकांनी परवा माझ्या चेहऱ्यावर दिव्याचा उजेड पाडून बघितलं गं. पोरीचं शिक्षण व्हायचंय अजून. दोन वर्षं. फक्त दोन वर्षं मला वर काढू दे, मग सोडेन, तुझी शपथ."

वहिनींनी बाटली उचलून मुठीत घट्ट धरली. पण औषधांनी त्यांच्या हातांत बळ राहिलेलं नव्हतं. चिमणीने हिसकावली नाही, अगदी हळुवारपणे एकेक बोट सोडवलं, जसं झोपलेल्या मुलाच्या हातातून खेळणं काढून घेतात. आणि ती काउंटरवर गेली.

आता वहिनी आणि मावशी तळघरात समोरासमोर बसून तागे गुंडाळतात. मावशी खोकतात, वहिनी दर थोड्या वेळाने थांबून पोट धरतात. किती दिवस थांबून थांबून जमेल, ते दोघींनाही माहीत आहे. परवा डबा खायला वर आल्यावर वहिनींना चिमणीच्या कपाटाला लाल साटिनची फीत दिसली. त्यांनी ती सोडली आणि चिमणीला शोधत काउंटरपर्यंत गेल्या. मालकांनी हातानेच त्यांना मागे व्हायला सांगितलं, समोर गिऱ्हाईक होतं. दुसऱ्या दिवशी फीत पुन्हा बांधलेली होती. वहिनींनी पुन्हा सोडली. रोज त्या ती सोडतात आणि रोज कुणीतरी ती बांधतं. चिमणी आता दुपारी खोलीत येतच नाही.

काल वहिनी जिन्याच्या तोंडाशी दम खात उभ्या होत्या. वर कुणीतरी पडदे बघत होतं. तागा काउंटरवर पडल्याचा आवाज झाला, आणि मग एक बाई कौतुकाने, अगदी चांगल्या मनाने म्हणाली, "मुलगी एवढी मोठी आहे? वय दिसत नाही हो तुमचं."

चिमणी हसली. तिचं ते बारीक हसू खालपर्यंत ऐकू आलं.

ती गिऱ्हाईकबाई कोण, ते वहिनींना जिन्यावरून दिसलं नाही. तुमच्याआमच्यातलीच कुणीतरी असेल.