हळू चालायची परीक्षा

आंध्राचं राज्य फुटून हैदराबाद वेगळ्या राज्यात गेलं, सरकारी ऑफिसांतली टेबलं-कपाटं आणि माणसं यांची वाटणी सुरू झाली, आणि तिथं नोकरीला असलेला तातेरावांचा सुमेध उरलेल्या आंध्राच्या वाट्याला निघाला. कारण काय, तर पोरगा हुशार निघाला म्हणून त्याला तिकडच्या कर्नूलच्या सरकारी वसतिशाळेत घातलं होतं. जिथं शिकला तिथला, असा न्याय. बाप नांदेडकडचा, पोरगा हैदराबादच्या गौलीगुड्यात जन्मलेला, आणि सरकारनं त्याला कर्नूलवाला ठरवून पार आंध्रात बेजवाड्याला धाडायचं काढलं. असल्या अकलेला काय म्हणावं, असं तातेराव येईल त्याला विचारत, आणि दर वेळी खोकल्यानं वाक्य अर्ध्यात तुटे.

खोकला जुना होता. उमेदीची वर्षं बस डेपोत इंजिनांच्या धुरात गेली, उरलेली कसर विडीनं भरून काढली. हैदराबादेतल्याच हिमायतनगरच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "सहा मिनिटं चालून दाखवा. माणूस किती लांब चालतो त्यावरून त्याचे पुढचे दिवस कसे आहेत याचा अंदाज येतो. फारच कमी चाललात तर घरात माणूस हवंच, तसं पत्र मी देईन."

पत्र म्हटल्याबरोबर तातेरावांचा मेहुणा अंबाजी पेटला. बाप अंथरुणाला खिळलेला असेल तर पोराला हैदराबादेत ठेवतात, हे सुमेधच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

"दाजी, दोन पावलं टाकायची, भिंत धरायची," अंबाजी म्हणाला. "पोराचा संसार वाचतोय."

तातेरावांच्या बायकोनं, मनकर्णेनं, मान डोलावली. सुमेध खाली बघत राहिला. लाज वाटत होती, पण नको म्हणाला नाही. आयुष्य पावलांवर मापणारे डॉक्टर आणि त्यांना फसवायला निघालेला अंबाजी, दोघंही तातेरावांना एकाच माळेचे मणी वाटले. पण पोरासाठी त्यांनी कबूल केलं.

दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात दोन टोकांना दोन शंकू मांडले होते. तिथल्या माणसानं तातेरावांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. "अपनी चाल से चलो चाचा," तो म्हणाला. "दम भरा तो ठैर जाओ."

पहिला फेरा ठरल्याप्रमाणे झाला. मग बाकावरून अंबाजीचा हात हलायला लागला. "हळू, दाजी. अजून हळू."

आता अंबाजीनं आजवर दिलेला एकही सल्ला धड निघाला नव्हता, आणि त्याचं ऐकायचं नाही हा तातेरावांचा लग्नापासूनचा नेम होता. हा बसल्या जागचा दीडशहाणा मला चालायला शिकवणार? त्यांचं डोकं फिरलं. बेजवाडा, पत्र, पोरगा, सगळं विसरून त्यांनी दात-ओठ खाल्ले आणि होता नव्हता तेवढा जोर लावला.

समोरचा शंकू जवळ येईना. पाय उचलतोय असं वाटत होतं, पण वाट सरत नव्हती. तातेरावांनी भिंतीला हात टेकला, आणि टेकलेला हात त्यांना काढता येईना. तेव्हा ते घाबरले. इतके ते आयुष्यात कधी घाबरले नव्हते.

"बस चाचा, हो गया," तो माणूस म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला, पत्र लिहिलं आणि सुमेधला बाजूला घेऊन बराच वेळ काही समजावलं. तो अगदी गंभीर तोंडानं माना हलवत होता. आपणही नाटकात आहोत असं त्याला वाटत होतं.

जिन्यापाशी आल्यावर मात्र त्याला हसू आवरेना. "कमाल केली, बाबा."

"काय सोंग वठवलं दाजींनी," अंबाजी म्हणाला. "मध्येच तर मलासुद्धा खरं वाटलं. शेवटी माझंच ऐकलं ना?"

खरं काय ते तातेरावांच्या ओठावर आलं होतं. पण पोराचं तोंड किती महिन्यांनी उजळलं होतं. "तुला काय डोंबल कळतंय त्यातलं," एवढंच ते अंबाजीला म्हणाले, आणि पायरी उतरायच्या आधी त्यांनी त्याचा दंड धरला.

"आता सोडा की सोंग," अंबाजी हसत म्हणाला. "कुणी बघत नाही."

तातेरावांनी दंड आणखी घट्ट धरला.