महिला व्यवस्थापक उपलब्ध नाही

"चिंच कमी पडली तर मागून घ्या रेवताबाई, पण कप चमकले पाहिजेत," असं दारातूनच सांगून कापगते सर मंडपाकडे निघून गेले. रेवताबाईनं मान वर केली नाही. ती फरशीवर फतकल मारून बसली होती, समोर पितळेचे आठ कप, बाजूला वाटीत चिंचेचा कोळ आणि राख. कॉलेजचा रौप्यमहोत्सव होता, सत्याऐंशी सालचा जानेवारी. चार वाजता नागपूरहून पाहुणे यायचे होते.

हे आठ कप कॉलेजच्या पोरींनी फुटबॉलमध्ये जिंकलेले. पंच्याहत्तरपासून ब्याऐंशीपर्यंत, सलग आठ वर्षं, विद्यापीठाच्या सामन्यात दुसऱ्या कुठल्या कॉलेजला त्यांनी कपाला हात लावू दिला नव्हता. नागपूरच्या बूट घातलेल्या पोरी यांच्यासमोर यायच्या आणि तोंड वाकडं करून परत जायच्या. रेवताबाईला वाचता येत नव्हतं, पण कुठला कप कुठल्या सालचा ते ती अंधारातही सांगू शकली असती. अठ्ठ्याहत्तरच्या कपाचं झाकण नव्हतं, कारण परतीच्या पॅसेंजरमध्ये सोळा जणींनी त्यात गूळपोहे कालवून खाल्ले होते आणि झाकण तुमसर रोड स्टेशनावर राहून गेलं होतं.

तेवढ्यात ऑफिसातले क्लार्क भय्याजी स्मरणिकांचे गठ्ठे घेऊन आले. दीडशे खुर्च्या, दीडशे प्रती. खुर्च्यांवर एकेक ठेवायच्या होत्या. रेवताबाईनं हात पदराला पुसले, वरची प्रत उघडली आणि पानं उलटत गेली. एका पानावर तिला हेच आठ कप दिसले. त्याखाली बारीक मजकूर होता.

"भय्याजी, हे आमच्या पोरींचं हाये ना? वाचून दाखवा ना मले."

भय्याजींनी चष्मा लावला आणि चेहरा पाडला. भित्रा माणूस, पण लबाड नव्हता. त्यांनी हळू आवाजात वाचलं. कॉलेजच्या महिला फुटबॉल संघाचा देदीप्यमान इतिहास, क्रीडाशिक्षक कापगते यांचं कुशल मार्गदर्शन, संस्थेचे अध्यक्ष कृष्णराव यांचं प्रोत्साहन, सगळं ठीकठाक लिहिलेलं. शेवटच्या ओळीवर ते अडखळले.

"वाचा ना जी."

"'सन १९८३ पासून महिला व्यवस्थापक उपलब्ध न झाल्यामुळे संघ पाठवता आला नाही व ही उज्ज्वल परंपरा खंडित झाली.'"

रेवताबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. उपलब्ध न झाल्यामुळे म्हणे. ती इथंच तर होती. चार वर्षं याच इमारतीत झाडू मारत होती, कापगते सरांच्या टेबलावर रोज दोनदा चहा ठेवत होती. मेली नव्हती, पळून गेली नव्हती, वैनगंगेत वाहून गेली नव्हती.

आता हे व्यवस्थापकपद तिच्या गळ्यात कसं पडलं तेही ऐका. चौऱ्याहत्तर साली पोरींचा संघ पहिल्यांदा निघाला, तेव्हा विद्यापीठानं कळवलं की मुलींबरोबर एक बाई मॅनेजर पाहिजे, आणि यादीवर तिची सही पाहिजे. कॉलेजात प्राध्यापिका दोनच. एकीचं मूल तान्हं होतं आणि दुसरीनं सांगितलं की हाफपँटीतल्या पोरींबरोबर हिंडायला तिला आईबापांनी शिकवलं नाही. मग कापगते सरांना अंगण झाडणारी विधवा दिसली. रेवताबाई आंधळगावकडची, मासे मारणाऱ्या घरातली. नवरा गेल्यावर कॉलेजात चपराशीण म्हणून लागलेली. तिचं नाव लिहून टाकलं. अंगठा बरा दिसणार नाही म्हणून गाडीतच पोरींनी तिला सही शिकवली. तुमसर रोडपासून नागपूरपर्यंत रुखमिणी नावाची पोरगी तिचा हात धरून वर्तमानपत्राच्या कडेला गिरवत होती. रेवताबाईला र जमेना, तेव्हा रुखमिणी म्हणाली, मावशी, गळ काढा, तुमचा मासे धरायचा गळ. तो मात्र एका झटक्यात जमला. वर 'रेवता पचारे', खाली 'महिला व्यवस्थापक'. जन्मभरात तिला लिहिता आलं ते एवढंच.

पहिल्या वर्षी पोरी सात गोलांनी आपटल्या. कापगते सर मैदानाच्या कडेला पेपर वाचत होते. त्यांनी पेपराची घडी घातली आणि नशिबाला दोष दिला. रेवताबाई मात्र सबंध सामना डोळे फाडून बघत होती. येताना गाडीत ती म्हणाली की अगं, तुम्ही बॉल आला की पाठ फिरवून पळता, म्हणून मार खाता. धानाच्या रोवणीत कशा चालता? चिखलात, कमरेत वाकून, मागं मागं, आणि नजर समोर. तसंच सरकायचं. पोरी आधी हसल्या. मग कान देऊन ऐकू लागल्या, कारण रोवणीला न गेलेली त्यांच्यात एकही नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात तिनं आपल्या दिराच्या धानाच्या बांधीत, गुडघाभर गाळात, पोरींना बॉल घेऊन उतरवलं. दीर बोंबलत आला, तर त्यालाच गोलात उभा केला. कापणी झाल्यावर त्याच बांधीत, धसकटं काढून, अनवाणी. चिखलात पळलेली पोरगी कोरड्या मैदानावर काय पळते ते नागपूरवाल्यांनी नंतर आठ वर्षं पाहिलं. उलट्या पावलांनी सरकणारी ती फळी कुणाला फुटली नाही. गोलकीपरला तिनं मासा धरायला शिकवलं. हाताच्या भरवशावर राहू नको, निसटतो, पोटाशी घे. आणि कापगते सर? त्यांनी शिट्टी वाजवली, फोटो काढून घेतले आणि दोन वेळा सत्काराची शाल पांघरली. रेवताबाईनं कधी तक्रार केली नाही. पोरी तिला मावशी म्हणत होत्या, तिच्या हातचं लाखोरीच्या डाळीचं वरण ओरपत होत्या, तेवढ्यात तिचं भागत होतं.

मग त्र्याऐंशीचा जानेवारी आला. त्या वर्षी संघात कुंता नवी होती. गावातल्या सोमाजीची थोरली लेक, अंगानं काटकुळी, पण पायात असं काही की बॉल तिला सोडून जायलाच तयार नसे. सोमाजीनं तिचं लग्न ठरवत आणलं होतं. रेवताबाई स्वतः त्याच्या ओसरीवर जाऊन बसली आणि एक वर्ष मागून घेतलं. विद्यापीठाचा सामना खेळल्याचं प्रमाणपत्र मिळालं की कुंताला खेळाच्या मास्तरणीच्या कोर्सला जागा मिळणार होती. सोमाजी म्हणाला, एक वर्ष देतो, कागद आणला तर शिकू देईन, नाही तर वैशाखात लगीन. सगळं त्या एका कागदावर होतं.

निघायच्या सकाळी पोरी थैल्या घेऊन एसटी स्टँडवर गेल्या आणि कापगते सरांनी रेवताबाईला यादी सहीला दिली. तिला वाचता येत नव्हतं, पण सोळा नावं ती दर वर्षी मोठ्यानं वाचून घ्यायची, पोरी मोजून न्यायची सवय म्हणून. सर वाचत गेले. कुंताचं नाव आलंच नाही. त्याजागी अध्यक्षांच्या पुतणीचं होतं. त्या पोरीनं बॉल फक्त फोटोत धरला होता. तिला बँकेत खेळाडूंच्या राखीव जागेवर लावायचं होतं.

रेवताबाईनं विचारलं की मग कुंता? सर म्हणाले, कुंता येणार ना, तीच खेळणार, तिच्याशिवाय जिंकायचं कसं. फक्त नाव पुतणीचं सांगायचं. कुंताचं तर आता लग्न होऊन राहिलं, तिला कागद कशाला? चुलीत घालायला?

"म्या नाही करत सही," रेवताबाई म्हणाली.

सर आधी हसले, मग लाल झाले. "रेवताबाई, तुम्ही चपराशी आहा. विसरू नका."

"कॉलेजात चपराशी हावो. या कागदावर म्यानेजर हावो ना? मंग म्यानेजरच सांगून राहिली. ज्या पोरीचे पाय, तिचंच नाव."

अध्यक्षांना निरोप गेला. त्यांनी उलट निरोप पाठवला की सही नसेल तर संघही नाही. सरांना कुंताचं नाव परत लिहायला दोन मिनिटं लागली असती. पण त्यांनी यादी घडी करून खिशात घातली, आणि तुमसर रोडची बस पोरींना न घेताच निघून गेली. रेवताबाई स्टँडवर सांगायला गेली तेव्हा पोरी बाकड्यावर ओळीनं बसल्या होत्या. बाकीच्या रडल्या. कुंता रडली नाही. ती म्हणाली, "मावशी, नाव कोनाचं बी असतं, मले खेळाले त भेटलं असतं." वैशाखात कुंताचं लग्न झालं. रेवताबाई अक्षता टाकून न जेवता घरी आली.

अध्यक्षांनी ठरवलं की पोरींचा फुटबॉल पुरे झाला. पण तसं विद्यापीठाला कसं लिहिणार? म्हणून दर वर्षी कापगते सर एकच ओळ लिहून पाठवत होते. तीच ओळ आता सोनेरी मुखपृष्ठाच्या आत छापून आली होती. आणि ही बाई त्या ओळीचे गठ्ठे स्वतःच्या हातानं खुर्च्यांवर मांडणार होती. चार वर्षं कुंताचं ते वाक्य तिनं उरात ठेवलं होतं, की चुकलं असेल आपलंच, करायला पाहिजे होती सही. आज तिला कळलं की चूक कुणाच्या माथी मारायची ते यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. लाज वाटत नाही मेल्यांना.

"भय्याजी, तुमचा पेन द्या."

"कायले?"

"द्या त खरं."

भय्याजींनी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. खिशातला पेन काढून दिला, टेबलाच्या खणातून एक जादा रिफिल काढून दिली. "माझं नाव नोको सांगजो बाई," असं पुटपुटून ते बाहेर गेले आणि जाताना दार ओढून घेतलं.

रेवताबाईनं पहिली प्रत मांडीवर घेतली. कपांचं चित्र असलेलं पान, शेवटची ओळ, तिच्याखाली बोटभर कोरी जागा. तिथं तिनं गळ काढला. चार वर्षांत हातानं पेन धरला नव्हता, अक्षरं वाकडी आली, पण आली. वर नाव, खाली हुद्दा. मग दुसरी प्रत. विसाव्या प्रतीला बोटं आखडली. साठाव्याला रिफिल संपली. नवीन रिफिल गळकी निघाली आणि अंगठा निळा झाला. बाहेर माइकवर कुणी तरी हॅलो हॅलो करत होतं. शंभराव्या प्रतीला कापगते सरांनी दार ढकलून कप झाले का म्हणून विचारलं. झाले, म्हणाली, आणि सर पुढं गेले. ती काय करतेय ते त्यांनी बघितलंच नाही. तिच्याकडे बघायची त्यांना सवयच नव्हती. साडेतीनला दीडशेही प्रती खुर्च्यांवर होत्या. व्यासपीठावरच्या पाच सगळ्यात नीट सह्यांच्या होत्या.

मंडप भरला. बायकांच्या बाजूला, शेवटच्या ओळीत, कुंता दिसली. कडेवर पोरगं, अंगानं अजून वाळलेली. रेवताबाईनं तिच्यापुढं पाण्याचा ग्लास धरला. कुंतानं तो घेतला, पण मान वर केली नाही.

पाहुण्यांचे हार झाले, अध्यक्षांचं भाषण झालं. मग कापगते सर इतिहास वाचायला उठले. टेबलावरची प्रत त्यांनी उचलली आणि खर्जातला आवाज लावून वाचू लागले. लोक आपापल्या प्रती उघडून बघत होते. सर शेवटच्या ओळीपाशी आले आणि थांबले. घसा खाकरला. मंडपात पानं उलटल्याची खसखस झाली. सरांनी पान मिटलं. "असा हा आपल्या संघाचा इतिहास," असं म्हणून ते वळणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"सर, एक ओळ राहिली."

कुंता उभी होती. पोरगं तिनं शेजारणीच्या मांडीवर दिलं होतं आणि स्मरणिका दोन्ही हातांनी धरली होती. ती वाचू लागली, शाळेतल्या पोरीसारखी, एकेक शब्द सुटा करून.

"'सन १९८३ पासून महिला व्यवस्थापक उपलब्ध न झाल्यामुळे संघ पाठवता आला नाही.' खाली सही हाये. रेवता पचारे, महिला व्यवस्थापक."

नागपूरच्या पाहुण्यांनी अध्यक्षांना विचारलं की ह्या कोण? अध्यक्ष छताकडे बघत राहिले. कुंता अजून उभीच होती. मग बायकांच्या बाजूनं आणखी एक जण उठली, सही शिकवणारी रुखमिणी, आता तिशी ओलांडलेली. तिच्या मागं तिसरी, मग एकेक करत संघातल्या आणखी काही जणी. नुसत्या उभ्या राहिल्या.

रेवताबाई व्यासपीठाच्या पायरीवर ट्रे घेऊन उभी होती. तिनं सगळ्या मोजल्या. सवयच होती ती. नऊ भरल्या. मग ती वर चढली, पाहुण्यांना पाणी दिलं, सरांना दिलं, आणि शेवटचा ग्लास अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवला. काचेवर तिच्या अंगठ्याचा निळा ठसा उमटला होता. तो तिनं पुसला नाही.