चार सुरांची सलामी

रेडिओच्या वाद्यवृंदात सॅक्सोफोनची एक जागा रिकामी झाली होती आणि आमच्या सेरोबला ती हवी होती. बारा वर्षं येरेवानच्या आसपास लग्नं वाजवून तो पार विटला होता. वाद्यवृंदाचे प्रमुख होवाकिम शनिवारी आश्ताराकच्या एका लग्नाला येणार होते, आणि वाजवायला आम्हीच. पाचच्या शेवटच्या बसनं ते परतायचे. त्याआधी सेरोबचा जॅझ त्यांच्या कानावर पडायला हवा होता.

पण मेजवानीचा तामादा, म्हणजे प्याल्यांआधी शुभेच्छांची भाषणं करणारा, होता सेरोबचाच मामा, बार्सेघ. तामादा शुभेच्छा देत असताना वाद्यांनी गप्प राहायचं. त्याचं संपलं की सगळ्यांनी प्याले उंचावून उभं राहायचं, आम्ही चार सुरांची सलामी द्यायची, आणि ती थांबल्यावरच प्यायचं. मामा दोन वाजता नवरीच्या आजोबांपासून सुरू झाला. साडेतीनला तो नोहाच्या नौकेत शिरला आणि एकेका प्राण्याचं कौतुक करू लागला. मी ढोलावर होतो, खोटं कशाला सांगू, सळईवरचं मटण कंटाळून बें बें करायला लागलं.

सेरोबनं मामाची बाही ओढली. मामा म्हणाला, "लग्न तुझं नाही, भाचेबुवा. चार सूर वाजव नि मुकाट बस."

साडेचारला एकदाचे प्याले वर गेले. सेरोबनं तीन सूर वाजवले. चौथा मात्र सोडेचना. चौथ्याला फांद्या फुटल्या, फांद्यांना जर्दाळू लागले. तीनशे माणसं प्याला धरून ताटकळली. सलामी चालू असताना पिणार कोण, बसणार कोण, बोलणार कोण? मामाचं तोंड बंद होतं, डोळे शिव्या देत होते. पाचला बसनं दोनदा भोंगा दिला. सेरोबनं भोंग्याचाही सूर उचलला आणि पुढे निघाला. होवाकिम हातातल्या प्याल्याकडे बघत राहिले. बस गेली.

पावणेसहाला सलामी संपली.

"हे काय होतं, गाढवा?" मामा म्हणाला.

"चारच सूर, मामा. चौथा जरा लांबला."

होवाकिम टोपी घालून पायीच चालू लागले. पाहुण्याला एकटं कसं सोडायचं, म्हणून मामा सोबतीला निघाला, बोलत बोलत. येरेवान तिथून वीस किलोमीटर. दोघं सोमवारी सकाळी पोचले.

रेडिओच्या दारातच होवाकिम मटकन बसले. "सेरोबला आजच घ्या," ते म्हणाले. "या माणसाला गप्प करणारं दुसरं वाद्य देशात नाही."