त्रास न देणारी माणसं

मालक अंथरुणाला खिळले आणि साबणाचा कारखाना त्यांच्या मुलीच्या हाती आला. काही माणसं आणि माल पुरवणारे कमी करायचे, हे तिने आल्या आल्या सांगून टाकलं. मग ऑफिसात एक पांढरा फळा लावला आणि स्टोअरवाल्या काकांना बोलावलं. तीस वर्षं साबणाच्या वासात काढलेला माणूस. कोण कसा आहे हे त्याला नाही तर कुणाला ठाऊक?

तिने कार्डं हातात दिली. तेलवाला, खोकीवाला, दुकानदार, शेजारचा वकील, कारखान्याशी संबंध असलेल्या प्रत्येकाचं एक. जास्त त्रास देऊ शकेल तो वर, देणार नाही तो खाली. काका हरखलेच. इतक्या वर्षांत त्यांना कुणी चहा धड विचारला नव्हता, मत कुठलं विचारतंय!

वकील वासावरून उठसूट तक्रारी करायचा. त्याला काकांनी पार वर चढवला. लटक म्हणावं तिथेच. त्रास देणाऱ्याचाच काटा काढणार, हे काय सांगायला हवं? खोकीवाला म्हणजे त्यांचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याची चूल याच एका कारखान्यावर पेटायची. गरीब गाय बिचारा, म्हणत काकांनी त्याचं कार्ड अगदी तळाला लावलं, दोनदा सरळ केलं. घरी जाऊन बायकोला सांगितलंसुद्धा, तुझ्या भावाचं पक्कं करून आलो.

सोमवारी वकिलाकडे फळांची करंडी गेली. मेहुण्याला पत्र गेलं की उद्यापासून खोकी नकोत. ते पोचवून सही आणायला धाडलं काकांनाच. मेहुण्याने पत्र वाचलं. सही केली आणि पेनाला टोपण लावून ते परत दिलं.

बायको मात्र बोलली. "केसाने गळा कापलात माझ्या भावाचा."

काका तडक ऑफिसात गेले. जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

"त्याला काढलंत तर मीही चाललो."

मुलगी रागावली नाही. रुसून घर सोडायला निघालेल्या पोराकडे बघावं तशी मायेनं बघत राहिली.

"कुठे जाणार काका तुम्ही?"

काकांनी स्टोअरच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि परत उचलल्या.

मग तिने एक कोरं कार्ड घेतलं, त्यावर 'स्टोअर' लिहिलं आणि ते लावायला फळ्यापाशी खाली वाकली.