माझ्या तारेवरचा तिसरा कान

मी एक जुना काळा टेलिफोन आहे. जुना म्हटलं मी, मोडका नव्हे.

मित्रांनो, तंजावरच्या कृष्णवेणीअक्कांनी माझ्यासाठी सात वर्षं वाट पाहिली. आलो त्या दिवशी त्यांनी मला कुंकू लावलं, मोगरा वाहिला. पुढे दर शुक्रवारी तसंच. गल्लीत दुसरा फोन होताच कुठे? पापनाशमच्या लेकीला मुलगा झाला, ओरत्तनाडूची बस चुकली, सगळं माझ्यातूनच कळायचं. काय मान होता! माणसं मला दोन्ही हातांनी धरायची.

अक्कांची सून वसुमती शिक्षिका. शहाण्णव साली कालवा फुटला, गावांतलं भात बुडालं. चौकशी झाली, पण अहवाल गुप्त म्हणून दडवला. वसुमतीने तो मागणारा अर्ज लिहिला, त्यावर गावकऱ्यांच्या सह्या हव्या होत्या. कोण सही देणार, हे ती शाळेतून फोन करून अक्कांना सांगायची.

मग माझ्या तारेत टक्‌ टक्‌ होऊ लागलं. तिसरा कान! दोघींचं बोलणं कोणीतरी चोरून ऐकत होतं. मला कळायचं, पण सांगणार कसं? सही देणारा म्हणून ज्याचं नाव फोनवर निघे, त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी पोलीस उभा. लोक घाबरले. सह्या थांबल्या.

एके दुपारी साध्या शर्टातला एक साहेब आला. अक्कांनी कॉफी दिली.

"अम्मा, तुम्ही सासू-सून कुठल्या सांकेतिक भाषेत बोलता?"

"मराठी ती, तंबी बाळा! तीनशे वर्षं झाली इथे बोलतोय. पण दारात तमिळ, मराठी फक्त घरात. आणि फोनवर." अक्कांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तू कुठे ऐकलीस रे?"

साहेबाने पेला खाली ठेवला. "सुरक्षेचा प्रश्न आहे, अम्मा."

"कोणाची सुरक्षा? फुटक्या कालव्याची? हुकूम दाखव. सही कोणाची आहे? माझी सून नाव लिहून विचारते, आणि तू बिननावाचा ऐकतोस!"

कॉफी अर्धी टाकून साहेब गेला. अक्कांनी ही गोष्ट गल्लीभर, गावभर सांगितली. लोक पोट धरून हसले आणि हसता हसता त्यांची भीती गेली. सह्या आल्या. वर्षभराने अहवालही आला. ऐकण्याचा हुकूम मात्र आला नाही. अक्कांनी तीनदा अर्ज धाडला, दर वेळी खाली आपलं नाव एकेक अक्षर गिरवून.

आता घरात बटणांचा फोन आहे. मी माळ्यावर. शुक्रवार येतो नि जातो. मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण तुमच्या तारेत टक्‌ झालं, तर गप्प बसू नका. अक्कांसारखं विचारा, "कोण रे तू? सही दाखव."