डॅरिलने न वगळलेली पाने

आधीच सांगून ठेवतो, मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे आणि मला फारसे कोणी आवडत नाही. दुसरी पुस्तके तर मुळीच नाहीत. त्यातही ती गुळगुळीत, गोल कोपऱ्यांची, पानोपानी हसरे ससे असलेली. एका पानावर सहा शब्द, त्यांतले दोन ‘वा! वा!’. एकाच्या पोटात तर बटण होते. दाबले की बेडूक ओरडायचा. त्याची बॅटरी संपली तेव्हा मला झालेला आनंद मी लपवला नाही.

माझी घडण वेगळी. जाड कागद, दोऱ्याने शिवलेला कणा, कापडी बांधणी. आणि आत एक म्हातारा स्वयंपाकी, त्याचा बोकड आणि बुडणारे जहाज यांची बावीस प्रकरणांची गोष्ट. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावातल्या वाचनालयात मी चाळीस वर्षे काढली. सुरुवातीला मला घरी न्यायला मुले नावे नोंदवून वाट बघत. त्यांना मोठ्याने वाचून दाखवायला मोठी माणसेही मला नेत. पण एकोणिसाव्या प्रकरणात स्वयंपाकी मरतो, आणि ती चार पाने कोणीच वाचत नसे. आया, आजोबा, शिक्षिका, सगळे तिथे घसा खाकरून चार पाने एकदम उलटत आणि म्हणत, “मग जहाज किनाऱ्याला लागलं.” भित्रे लेकाचे! बाकीची पाने मळून पिवळी पडली, ती चार मात्र कोरी राहिली.

पुढे ससे आले आणि मी मागच्या फळीवर गेलो. बारा वर्षे मला कोणी हात लावला नाही. शेवटी माझ्यावर ‘रद्द’ असा शिक्का बसला आणि दाराजवळच्या फुकट पुस्तकांच्या खोक्यात माझी रवानगी झाली.

त्या हिवाळ्यात फर्गस तिथे आला. वय वर्षे पाच. त्याची आई, तिचे नाव जोडी, त्याला रोज दुपारी वाचून दाखवायची. पण ती चार महिने समुद्रापलीकडे, मेलबर्नच्या इस्पितळात होती. म्हणून त्याच्यासाठी पुस्तके निवडण्याचे काम त्याच्या आत्याने, नेरिडाने, आपणहून अंगावर घेतले होते. नेरिडा निवृत्त मुख्याध्यापिका. तिच्या हातात यादी होती: दात घासणे, वाटून खाणे, राग आवरणे. तिने तिथेच एक ससा उघडून वाचायला घेतला. पान संपले की परीक्षा.

“मग, सशाला काय वाटलं असेल? सांग बघू.”

“त्याला घरी जायचंय,” फर्गस म्हणाला आणि खुर्चीवरून उतरून थेट माझ्या खोक्याशी आला. मुखपृष्ठावरचा बोकड पाहून त्याने मला उचलले. “हे!”

“शी! ठेव ते.” नेरिडा दाराशी उभ्या असलेल्या भावाकडे वळली. “डॅरिल, यात माणूस मरतो. आई इस्पितळात असलेल्या पोराला हे ऐकवायचं? आणि वाचणार कोण? तू? तुझा होडीच्या परवान्याचा अर्जसुद्धा मी भरून देते.”

डॅरिल, फर्गसचा बाप, समुद्रात पिंजरे टाकून शेवंडी, म्हणजे मोठे झिंगे, पकडायचा. शाळा त्याने चौदाव्या वर्षीच सोडली होती. त्याचे कान लाल झाले.

“त्याला ते हवंय ना,” एवढेच तो म्हणाला आणि मला कोटाच्या खिशात कोंबले. कापडी बांधणीच्या पुस्तकाला! खिशात!

खरे सांगतो, त्याच्या वाचनाची मला शिसारी आली. दुपारी होडी ओढून घेतली की शेडमध्ये पिंजऱ्यांच्या ढिगावर बापलेक बसत. डॅरिल एकेका शब्दावर जाड बोट ठेवी, अडखळे, मागे जाई, माझी सुरेख वाक्ये शेवंडीच्या पायांसारखी कडाकडा मोडी. तासाला दोन पाने! फर्गस मात्र तोंड उघडे टाकून वाट बघत असे.

सहाव्या प्रकरणात डॅरिल मध्येच थांबला.

“हे चूक आहे.”

“काय चूक आहे?”

“एवढ्या वाऱ्यात सगळी शिडं उघडतोय हा कप्तान. गाढव आहे! जहाज पालथं होईल की!”

“गाढव कप्तान!” फर्गस ओरडला आणि खो खो हसत सुटला. कित्येक आठवड्यांनी हसला असावा, कारण डॅरिल बोट पानावर तसेच ठेवून त्याच्याकडे बघतच राहिला.

माझा तिळपापड झाला. चाळीस वर्षांत माझी चूक कोणी काढली नव्हती. आणि त्याचे बरोबर होते, हे जास्त झोंबले. मला लिहिणारा गृहस्थ समुद्रावर कधी गेलाच नव्हता.

मग एकोणिसावे प्रकरण आले. डॅरिलचे बोट मंदावले. आता हाही खाकरणार, असे मला वाटले. तो खाकरला नाही. त्याने चारही पाने वाचली, शब्द न् शब्द. अख्खी दुपार लागली.

“मेला तो?” फर्गसने विचारले.

“हो रे.”

“आई पण मरणार?”

डॅरिलने मला गुडघ्यावर पालथे ठेवले. “डॉक्टर म्हणतात, बरी होईल. पण मला खात्रीनं नाही सांगता येत, गड्या. मलाही भीती वाटते.”

“मला वाटलं, फक्त मलाच वाटते,” फर्गस म्हणाला. मग बापाला बिलगून पुष्कळ रडला, नाक पुसले आणि म्हणाला, “पुढे वाच.”

त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. थोडीच, पण वाटली.

काही दिवसांनी नेरिडा शेडच्या दारात येऊन उभी राहिली. दोन पाने होईपर्यंत ऐकत राहिली. मग तिने माझा सुटलेला कणा पाहिला, मला घरी नेले आणि सुईदोऱ्याने शिवून परत आणून दिले. टाके वाकडे आहेत. कोणी विचारले तर मी सांगणारच.

सप्टेंबरात, तिकडचा हिवाळा सरताना, जोडी घरी आली. हडकुळी झालेली, डोक्याला रुमाल. तिच्यात वाचण्याचे त्राण नव्हते. डॅरिलने तिच्यासाठी शेडच्या दारात उन्हात खुर्ची मांडली आणि मला पहिल्या पानापासून सुरू केले. लग्नाला नऊ वर्षे झाली होती. नवऱ्याला वाचताना तिने कधी ऐकले नव्हते.

“किती हळू वाचतोस रे,” ती म्हणाली.

“गप्प बस ना गं आई,” फर्गस म्हणाला. “मध्ये बोलायचं नसतं.”

मित्रांनो, तुमच्या घरी लहान मूल असेल, तर त्याच्यासाठी पुस्तक निवडताना त्याच्याकडेही बघा. ते ज्याच्याकडे हात करील ते घ्या, मग ते कितीही जुने का असेना. फाटले तर शिवा. आणि नीट वाचता येत नसेल, तरी त्याच्याशेजारी बसा आणि वाचा.