माझ्या पोटातला खळगा

मी एक जुनी, तडा गेलेली फळी आहे. लाकडाची नव्हे, हलक्या काँक्रीटची, आणि पोटात नारळाचा काथ्या आहे. मित्रांनो, आधीच सांगते, माझ्या खळग्यात बोट घालू नका! कारखान्यात येणारा जो तो बोट घालतो आणि वर विचारतो, "ही कशाने फुटली?" वैताग आलाय नुसता. एकदाच काय ते ऐकून घ्या.

मला एका मिस्त्रींनी बनवलं, पण कल्पना त्यांच्या लेकीची. शेजारच्या पाळणाघराचं पत्र्याचं छप्पर दुपारी असं तापायचं, की मुलं घामाघूम होऊन रडत उठायची. त्यांत लेकीची दीड वर्षांची मुलगीही होती. भिंती जुन्या, जड स्लॅब पेलणाऱ्या नव्हत्या. म्हणून लेकीने हलक्या फळ्यांचा घाट घातला. हलकं काँक्रीट भार आला की कटकन तुटतं. आत काथ्याचे धागे असले की ते त्याला धरून ठेवतात.

मिस्त्रींना काही हे पटेना.

"चाळीस वर्षं सिमेंट कालवतोय मी. आता त्यात गादीचा काथ्या कोंबायचा?"

"कोंबायचा नाही, बाबा. आधी धुवा, भिजवा, पिळा. मग मोकळा करत चिमटीचिमटीने टाका. मी छपराची मापं घेऊन येते."

"हो, हो."

या "हो, हो"नेच माझं वाटोळं केलं! लेकीची पाठ वळताच मिस्त्रींनी कोरडा काथ्या एकदम मालात लोटला. त्याने माझ्या वाट्याचं पाणी पिऊन टाकलं आणि मूठभर काथ्याचा माझ्या पोटात गोळा झाला. मिस्त्रींनी तो पाहिला होता बरं का! पाहून त्यावर माल ओढला आणि थापीने मला छान गुळगुळीत केलं.

अठ्ठावीस दिवसांनी मला दोन ओट्यांवर आडवं ठेवून वर वाळूची पोती रचली. बारा पेलायची होती. पाचव्यालाच मला तडा गेला, बरोबर त्या गोळ्यापाशी. तरी मी कोसळले नाही. कडेला जो थोडा काथ्या मोकळा पडला होता, त्याने दोन्ही तुकडे घट्ट धरून ठेवले. पण ते बघतंय कोण!

लेकीने हातातली मापांची वही मिटली. "राहू द्या, बाबा. माझंच गणित चुकलं. पाळणाघराच्या बाईंना उद्या नाही म्हणून सांगते."

मिस्त्री आपल्या चपलांकडे बघत राहिले. मित्रांनो, काय संताप झाला म्हणून सांगू! अहो, बोला ना! मला तोंड नाही, तुम्हाला तर आहे!

तेवढ्यात भिंतीपलीकडे नात रडायला लागली. मिस्त्रींनी छिन्नी-हातोडा उचलला, माझा तडा फोडला आणि तो गोळा बाहेर काढला. आतून अगदी कोरडा, सिमेंटचा कणही नाही. तो त्यांनी लेकीच्या हातावर ठेवला.

"तुझं काही चुकलं नाही. मी तो भिजवलाच नव्हता."

लेकीने तो गोळा बोटांनी उकलून पाहिला. मग म्हणाली, "बादली भरा."

मिस्त्रींनी बादली भरली आणि काथ्या भिजत घातला.

पुढच्या फळीने चौदा पोती पेलली. आज माझ्या बावीस बहिणी पाळणाघरावर आहेत आणि खाली मुलं दुपारभर गाढ झोपतात. मी मात्र इथे दाराशी. नवा कामगार "हो, हो" म्हणाला, की मिस्त्री स्वतः त्याला माझ्यासमोर आणून उभा करतात.

तेव्हा मित्रांनो, काथ्या भिजवा, मोकळा करा, घाई करू नका. आणि चूक झालीच, तर दुसऱ्याने ती स्वतःच्या माथी घेण्याआधी बोला.

आणि आता ते बोट काढा.